टेबलावरचा सत्यनारायण

"गुरुजी, तो उठतानाचा मंत्र जरा पुन्हा म्हणता का? कानाला फार गोड वाटला," जगदाळे वहिनी हात जोडून म्हणाल्या.

मंत्र कसला डोंबलाचा! आमचे हे पाटावरून उठत होते. उठताना गुडघ्यातून कळ गेली, तोंडातून "आऽऽऽ" बाहेर पडलं, आणि जन्मभराच्या सवयीनं ह्यांनी त्याला मागून "नमो नारायणाय" जोडून दिलं. मी शेजारीच नैवेद्याची ताटं आवरत होते. हसू फुटायला लागलं तसा पदर तोंडाशी धरला.

हे मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वहिनी, तो मंत्र एका पूजेत एकदाच म्हणायचा असतो."

तेव्हा आम्ही कराडला होतो. नीलकंठगुरुजी गिजरे म्हटलं की सगळ्या अमरदीप सोसायटीत मान होता. बारसं म्हणा, मुंज म्हणा, वास्तुशांत म्हणा, गिजरे गुरुजींशिवाय पान हलत नसे. आता ह्याला बरीच वर्षं झाली. पण त्या श्रावणातली गोष्ट निघाली की मला अजून हसू येतं, आणि हसता हसता थोडा रागही येतो. तो का, ते पुढं कळेलच.

भटजीचं सगळं आयुष्य मांडीवर. मांडी घातली की पूजा, मांडी मोडली की दक्षिणा. त्या मांडीनंच दावा साधला तर माणसानं करावं काय? वर्षभर ह्यांनी कोणाला पत्ता लागू दिला नाही. उठायच्या वेळी मुद्दाम लांबलचक नमस्कार घालत. चौरंगाला हात टेकून "देवाचा निरोप घेतो" म्हणत. पण जिना चढताना माणूस मंत्र म्हणायला लागला की लोकांना कळायचं ते कळतंच.

आणि मग सुरू झाले उपाय! आपल्याकडे एकवेळ पाणी मागितलं तर मिळायचं नाही, पण औषध न मागता घरपोच येतं. जगदाळे वहिनींनी लसणाचं दूध सांगितलं. चातुर्मासात लसणाच्या वाऱ्यालाही उभं न राहणारे आमचे हे, नाक दाबून पेलाभर प्यायले आणि म्हणाले, "औषधाला दोष नाही." जगदाळेसाहेब पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी बिब्बा घालायला सांगितला. आवाज असा, की धरणाचे दरवाजे उघडायचा हुकूम देताहेत. बिब्ब्यानं गुडघ्यावर लिंबाएवढे फोड आले. साहेब बघायला आले आणि खूश होऊन म्हणाले, "उतू लागला म्हणजे लागू पडला!" कोणी एरंडेल आणून दिलं, कोणी मेथीचे लाडू, कोणी तांब्याचं कडं. हे सगळंच एकदम चालू. मी ओरडले, तर मला म्हणतात, "अगं, आयुर्वेदिक आहे. अपाय होत नाही."

"बिब्बापण आयुर्वेदिकच होता," मी म्हटलं.

शेवटी मीच ह्यांना धरून वैद्यांकडे नेलं. वैद्य म्हणजे पांढऱ्या मिशा, कपाळी गंध आणि पाठीमागं काचेच्या बरण्या, अशी ह्यांची समजूत. समोर बसलेली क्षितिजा कणसे. आमच्या भाचीच्या वयाची, जीन्सवर कुडता घातलेली आणि बोलायला फटकळ. हे दारातच थबकले. मी मागून ढकललं.

तिनं नाडी बघितली, गुडघे दाबले, वाकवले. वाकवताना हाडांचा करकर आवाज झाला. एक्स-रे काढून आणायला लावला, तो उजेडात धरला.

"गुरुजी, नाश्त्याला काय घेता?"

"काही नाही. पूजा असली की उपास असतो."

"आणि पूजा झाल्यावर?"

"प्रसाद."

"म्हणजे शिरा. साजूक तुपातला. किती?"

"घरोघरी वाटी भरून देतात. नाही कसं म्हणणार? प्रसाद टाकणाऱ्याचं काय होतं, हे मी स्वतः पोथीतून लोकांना वाचून दाखवतो. जहाजं बुडतात बाई!"

ती हसली नाही. म्हणाली, "तुमचं जहाज शिरा खाऊनच बुडायला लागलंय. प्रसाद कणभर घेतला तरी प्रसादच असतो. वाटीभर घेतला की तो नाश्ता होतो, आणि त्याचं ओझं ह्या गुडघ्यांना वाहावं लागतं."

मी मनात म्हटलं, शाब्बास गं पोरी. हे माझं कधी ऐकायचे नाहीत.

मग तिनं नीट समजावून सांगितलं. सांध्यातली गादी झिजली आहे. झिजलेली गादी परत भरून येत नाही. भरून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण ठणका कमी करता येतो, चालणं सुधारता येतं. तेल लावायचं, निर्गुंडीच्या पाल्यानं शेकायचं, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम रोज करायचा, वजन उतरवायचं. काढे-गोळ्या ती देईल तेवढ्याच घ्यायच्या, शेजाऱ्यांचे लाडू बंद. आणि एवढं करून नाहीच भागलं तर हाडांच्या डॉक्टरकडे ती स्वतः चिठ्ठी देईल.

पहिल्याच दिवशी तिनं जानुबस्ती केली. उडदाचं पीठ घट्ट मळलं, झाडाला आळं करतो तसं गुडघ्याभोवती आळं केलं आणि त्यात कोमट तेल ओतलं. हे डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, बरं वाटतंय. तर हळूच विचारतात, "ह्या पिठाचं पुढं काय करता?"

"टाकून देतो," क्षितिजा म्हणाली.

"एवढं उडदाचं पीठ!" ह्यांचा जीव हळहळला. डोळ्यांपुढं दहीवडे आले असणार, दुसरं काय!

निघताना मी खाली ठेवलेली पिशवी उचलायला वाकले आणि भिंत धरून सरळ झाले. क्षितिजा बघत होती. "काकू, तुम्ही भिंत का धरता?"

"तिला सवय आहे," ह्यांनी परस्पर सांगून टाकलं. विषय तिथंच संपला.

दारात आल्यावर तिनं शेवटचा बाँब टाकला. "आणि गुरुजी, खाली बसणं बंद. मांडी बंद. पूजा खुर्चीवर बसून सांगा."

हे ताडकन वळले, म्हणजे गुडघे वळू देतील तेवढे. "देव खाली चौरंगावर आणि मी वर खुर्चीवर? देवापेक्षा उंच आसन? तुमचं तेल लावीन, शिरा सोडीन, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." आणि लंगडत पायऱ्या उतरले.

एक सांगते, तिच्या उपायांनी गुण आला. महिन्याभरात सूज उतरली, जिना चढताना देवाचं नाव घ्यायची गरज राहिली नाही. रोज सकाळी मी जमिनीवर बसून ह्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची, तव्यावर पाला गरम करून शेकायची. चालण्यात जोर आला. पण खाली बसून उठणं काही केल्या साधेना. बसायला एक माणूस लागे आणि उठायला दोन.

आणि इकडं श्रावण येऊन ठेपला.

श्रावणात अमरदीप सोसायटीचा सामुदायिक सत्यनारायण व्हायचा. तो ज्यानं सांगितला, त्याच्याकडे वर्षभराची सगळी घरं. असा कुठं कागद नव्हता, पण रीतच तशी पडली होती. त्यात तेजस धर्माधिकारी नावाचा नवा तरुण भटजी गावात आला होता. सडसडीत, आवाज खणखणीत. पाटावरून असा उठायचा की बघणाऱ्यानं टाळ्या वाजवाव्यात. मुलगा वाईट असता तर नावं तरी ठेवता आली असती. पण वाकून नमस्कार करायचा, ह्यांना "गुरुजी, गुरुजी" म्हणायचा. आता काय बोलणार?

एके दिवशी जगदाळेसाहेब घरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाले, "गुरुजी, यंदा तेजसलाही बोलावलंय. मदतीला हो, दुसरं काही नाही. तुम्हाला त्रास नको."

साहेब गेल्यावर ह्यांनी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "इंदू, त्या दिवशी मला पाटावरून उठता आलं नाही, तर पुन्हा कोणी मला पाटावर बसवणार नाही."

बडबड्या माणूस एवढंच बोलून गप्प बसला, की समजावं पाणी डोक्यावरून चाललंय. आणि ह्यांना पूजेशिवाय दुसरं येत तरी काय होतं? चहा करायचा म्हटला तरी साखरेचा डबा कुठला ते विचारत.

पूजेचा दिवस उजाडला. सोसायटीच्या हॉलमध्ये टेबलटेनिसचं मोठं टेबल भिंतीला सरकवून ठेवलं होतं आणि बाकी हॉलभर सतरंज्या. सगळी सोसायटी सतरंजीवरच बसायची. मधोमध चौरंग, केळीचे खांब, रांगोळी. हे वेळेआधी गेले, म्हणजे बसताना कोणी बघू नये. मी आणि केळीचा खांब, दोघांनी मिळून ह्यांना पाटावर बसवलं. खांब थोडा वाकला, पण ह्यांनी "आऽऽऽ" आतल्या आत गिळला.

हॉल भरल्यावर जगदाळेसाहेब सोवळ्याचा कद नेसून आणि वहिनी पैठणी नेसून आले. यजमान तेच. पाटावर बसायला त्यांनाही बराच वेळ लागला. साहेब आधी एका हातावर टेकले, मग दुसऱ्या, मग डोळे मिटून धाडकन खाली. मला वाटलं, कदाची सवय नाही बिचाऱ्यांना.

ह्यांनी आचमन सांगायला पळी उचलली, चौरंगाकडे बघितलं आणि चेहरा उतरला. बाळकृष्ण आणि शाळिग्रामाची पिशवी खिडकीच्या कट्ट्यावरच राहिली होती. बसायच्या धांदलीत ती खाली घ्यायचं आम्ही दोघंही विसरलो.

"अहो, मी देऊ का?" मी पटकन म्हटलं.

"तू सोवळ्यात नाहीस," हे पुटपुटले. मग आवाज चढवून म्हणाले, "यजमान, तेवढी देवाची पिशवी आणता का? तुम्ही सोवळ्यात आहात."

जगदाळेसाहेब जागचे हलले नाहीत. म्हणाले, "छे छे, गुरुजी! देव आपणच आणावा. तो मान आपला."

"मान आज यजमानांचा."

"आपण वडीलधारे."

"तुम्ही अध्यक्ष."

साहेब बायकोकडे वळले. "प्रमिला, तू आण बरं."

"मी?" वहिनी अशा दचकल्या की नथ हलली. "पुरुष माणसं बसलेली असताना मी कशी उठू? बरं दिसतं का ते?" ज्या बाईनं आदल्या संक्रांतीला भर सभेत साहेबांच्या हातून माईक काढून घेतला होता, ती बाई हे म्हणत होती!

असा तो मानाचा घोळ सुरू झाला. सोवळ्यातली तिघं पाटावर, देव खिडकीत, आणि जो तो दुसऱ्याला "आधी तुम्ही" म्हणतोय. सतरंजीवरची मंडळी माना वर करून बघत होती, पण "काय झालं" म्हणून पुढं यायला एकही माणूस उठेना. मला नवल वाटलं. एरवी आमच्या सोसायटीत कोणाचं दूध उतू गेलं तरी चार जण धावायचे.

तेवढ्यात मागून तेजस उभा राहिला. कुठं हात न टेकता, सरळ! तोही सोवळ्यात होता.

"गुरुजी, मी आणू का? तुम्ही बसा निवांत," तो म्हणाला. पोराच्या मनात पाप नव्हतं हो. पण मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हातातली पळी खाली ठेवली होती. त्या पोरानं देव आणून चौरंगावर ठेवला असता की हॉलभर लोकांना दिसलं असतं, आता देव कोण उचलतो ते. तो खिडकीपर्यंत पोचलासुद्धा. हात पिशवीकडे गेला.

"थांब रे!" मी ओरडले. भरल्या हॉलमध्ये, एवढ्या माणसांत, भटजीची बायको! "हात लावू नकोस. देव आपण होऊन उंचावर बसलाय ना? मग त्याला खाली कशाला ओढता? तुम्हीच वर या सगळे!"

हे माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी म्हटलं, आता तोंड उघडलंच आहे तर होऊन जाऊ दे. "ह्यांचे गुडघे दुखतात ते तुम्हाला ठाऊक आहे; ते आता पार गेलेत. उठता येत नाही. लपवून लपवून मी कंटाळले. ते टेबलटेनिसचं टेबल घ्या खिडकीपाशी, जाळी काढा, वर धूतवस्त्र घाला. देव टेबलावर, आणि माणसं खुर्चीवर. देव वरच राहतो, कोणाचा काय अपमान होतोय?"

ह्यांचे डोळे वटारलेले होते ते हळूहळू साधे झाले. ओठ हलले. शास्त्राधार शोधत असणार. मग म्हणाले, "देव उंच असला की झालं. त्यात... त्यात बाध नाही."

आणि काय सांगू! जगदाळेसाहेबांच्या तोंडून असा सुस्कारा सुटला की निरांजनातली वात फडफडली. "गुरुजी, खरं सांगू? मलाही उठता येत नाही. पिशवी जाऊ द्या, मला आता घरी कसं न्यायचं तेच बघा."

"माझेही गेलेत," वहिनी म्हणाल्या. "ते लसणाचं दूध मी आधी स्वतःच पिऊन बघितलं होतं. काही उपयोग झाला नाही."

"मग मला कशाला पाजलंत?" हे कळवळून म्हणाले.

"म्हटलं, तुम्ही पुण्यवान. तुम्हाला लागू पडेल."

मग सतरंजीवरून एकेक आवाज यायला लागला. "आमचेही." "माझा उजवा." "माझे दोन्ही." ज्यांनी ज्यांनी ह्यांना औषधं सांगितली होती, ते एकूण एक तिथं जमिनीला खिळून बसले होते. धावत कोणी का आलं नाही, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. क्षितिजा कणसे मागच्या रांगेत आईला घेऊन आली होती. ती तोंडावर हात ठेवून हसत होती. एवढे पेशंट एका ठिकाणी तिला कुठं मिळायला!

तेजसनं एकट्यानं सगळ्यांना उठवलं. एकेकाच्या काखेत हात घालून. सगळ्यात आधी ह्यांना. मग टेबल ओढलं, जाळी काढली, वर धूतवस्त्र अंथरलं. हे खुर्चीवर बसले, समोर छातीच्या उंचीवर देव, आणि अशी पूजा सांगितली म्हणता! गुडघ्याची धास्ती गेल्यावर आवाज मोकळा झाला. कथा सांगताना लोक ऐकत होते. एरवी निम्मे लोक पाय चोळत असायचे. शेवटी वहिनींनी द्रोण भरून शिरा पुढं केला. ह्यांनी मागच्या रांगेकडे चोरून बघितलं, चिमूटभर उचलला आणि द्रोण तेजसच्या हातात दिला.

पुढं काय झालं ते साऱ्या कराडला माहीत आहे. लोक फोन करून विचारायला लागले, "टेबलवाले गुरुजी मिळतील का?" गावात एवढे गुडघे दुखत होते आणि सगळे देवाच्या भीतीनं गप्प होते. तेजसला लोक विचारायचे, "तुम्ही टेबलावर करता का?" आणि तो बिचारा टेबलाची मांडणी शिकायला आमच्याकडे यायचा.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. हे घरी आले ते हवेत तरंगत. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले. मी खाली, शेगडीपाशी. आमच्याकडे सोवळ्याचा स्वयंपाक, तो बसूनच करायचा, ही सासूबाईंपासूनची रीत. ओटा म्हणजे ह्यांच्या लेखी भ्रष्टाचार.

"इंदू, माणसं किती लपवतात बघ," हे म्हणाले. "अख्खी सोसायटी! वर्षानुवर्षं दुखतंय, आणि तोंडातून अवाक्षर नाही. शेजारच्याला पत्ता नाही. मी म्हणतो, सांगायला काय होतं? आणि दुसऱ्यानं तरी कधी विचारू नये?"

"चहा देते," मी म्हटलं आणि भिंत धरून उठायला लागले.

कट्ट.

हे आपल्या गुडघ्यांकडे बघायला लागले. एक हलवून बघितला, मग दुसरा. "माझा नाही," म्हणाले. मग इकडंतिकडं बघितलं. "मग कोणाचा वाजला?"

घरात आम्ही दोघंच होतो.

एक हात भिंतीवर, एक कमरेवर, अर्धी उठलेली तशीच उभी राहिले. ह्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. आलं तेव्हा हे खुर्चीतून पुढं वाकले.

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज बोलत होते की! उठताना, बसताना, तुमच्या पायाशी बसून तेल चोळताना. 'आई गं' म्हणत होते. तुमच्या 'आऽऽऽ'चा मंत्र झाला, गावानं हात जोडले. माझ्या 'आई गं'ला घरात कान कोणी दिला?"

"अगं पण सोवळ्याचा स्वयंपाक तर बसूनच..." हे सवयीनं बोलून गेले आणि मधेच थांबले. जमिनीवरच्या शेगडीकडे बघत बसले. मग खुर्चीचे हात धरून उठले, खुर्ची आत ओढली आणि म्हणाले, "तू बस. चहा मी करतो. साखर कुठल्या डब्यात असते?"

देव श्रावणातच टेबलावर चढला. माझ्या शेगडीला ओट्यावर चढायला मात्र दिवाळी उजाडली.